एकच मुद्दा, पाच माणसं: कारखान्यात आपली कल्पना ज्याला-त्याला पटेल अशी कशी मांडायची

कारखान्यात काम करणाऱ्या बहुतेक इंजिनीअरांकडे अशी एखादी कल्पना असतेच, जी दोन-तीन मीटिंगांत सांगून झालेली असते, सगळ्यांनी माना डोलावलेल्या असतात आणि पुढे काहीच झालेलं नसतं. ‘साहेबांना पटलं नाही’ म्हणून फाईल मिटते. अशा फायली मी उघडून पाहिल्या, तेव्हा दोष कल्पनेत क्वचितच सापडला. बहुतेकदा एकच पीपीटी सुपरवायझरला, अकाउंट्सला आणि मालकांना दाखवलेली असते. तिघांपैकी एकालाही त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालेलं नसतं.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो: एअर लिकेज, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबून मशीनना पुरवलेली हवा वाटेत जोडांमधून गळून जाणं. चाकण, भोसरी, सातपूर, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत जा, कॉम्प्रेसर असतो आणि लिकेज असतंच. विषय सगळ्यांना ठाऊक आहे, पैसा खरा वाया जातो, आणि दुरुस्तीसाठी पाच वेगवेगळ्या लोकांचा होकार लागतो. शिकायला याहून सोयीचं उदाहरण मला सुचत नाही.

पहिली पायरी: एक पान स्वतःसाठी

कोणाशीही बोलण्याआधी एका पानावर मूळ हिशोब लिहून काढा. हे पान कोणाला दाखवायचं नाही. पुढची सगळी बोलणी यातूनच निघतील.

समजा, आपल्याकडे ७५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे आणि तो वर्षाला ७,००० तास चालतो. रविवारी सगळी मशीन बंद, पण एअर लाइनचे वॉल्व्ह उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा कोणीच वापरत नसताना तो किती वेळ लोडवर जातो (हवा दाबतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो), हे घड्याळ लावून आठ-दहा वेळा मोजायचं. सरासरी एक मिनिट लोड आणि दोन मिनिटं अनलोड आली, तर तीन मिनिटांपैकी एक मिनिट तो फक्त लिकेजसाठी राबतोय. म्हणजे क्षमतेच्या ३३ टक्के हवा वाया. नीट राखलेल्या प्लँटमध्ये हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास आणता येतो.

आता ३३ मधून १० वजा केले की २३ टक्के. ७५ किलोवॅटवर ते साधारण १७ किलोवॅट होतात. इथे थांबू नका. अनलोड असतानाही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या ३० टक्क्यांच्या आसपास वीज खातोच. त्यामुळे खरी बचत १२ किलोवॅट धरायची. १२ गुणिले ७,००० म्हणजे ८४,००० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाला साडेसात लाख रुपये. फिटिंग, ट्यूब, टॅग (गळतीच्या जागी बांधायची खूण), रविवारचा ओव्हरटाइम आणि लिकेज शोधायचं उपकरण मिळून खर्च दोन लाख धरू.

त्याच पानावर खाली तीन गोष्टी लिहा: कोणता आकडा मोजलेला आहे, कोणता धरलेला आहे, आणि काय अजून माहीत नाही. या उदाहरणात लोड-अनलोडची वेळ मोजलेली आहे. ९ रुपये आणि ३० टक्के धरलेले आहेत. लिकेज पुन्हा किती वेगाने वाढेल, ते माहीत नाही.

या पानाचा खरा उपयोग पुढे कळतो. प्रत्येकाशी बोलताना सुरुवात बदलेल, शब्द बदलतील, लांबी बदलेल. आकडा बदलायचा नाही. मालकांना साडेसात लाख सांगितले आणि प्रॉडक्शनसमोर जोर यावा म्हणून बारा लाख म्हणालात, तर ते दोघं कँटीनमध्ये किंवा गाडीत कधीतरी बोलणारच आहेत.

दुसरी पायरी: कोणाच्या हातात काय आहे?

आता नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी: हा माणूस काय ठरवू शकतो, आणि या विषयात त्याला कशाची धास्ती आहे. ‘तांत्रिक’ आणि ‘अतांत्रिक’ अशी श्रोत्यांची विभागणी बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवतात. मला ती फारशी कामाची वाटत नाही. अकाउंट्सचे मॅनेजर कॉम्प्रेसरबद्दल अतांत्रिक असतील, पण वीजबिलाबद्दल तुमच्यापेक्षा दहापट तांत्रिक आहेत.

आपल्या उदाहरणात ऑपरेटरच्या हातात आहे फुसफुस ऐकू आली की टॅग लावणं. धास्ती ही, की रिजेक्शन त्याच्या नावावर पडेल. मेंटेनन्सच्या हातात प्रत्यक्ष दुरुस्ती आहे. धास्ती, हे सगळं ‘मेंटेनन्सने काम केलं नाही’ असं वाचलं जाईल. प्रॉडक्शन मॅनेजर मशीन थांबवायला परवानगी देतो आणि लाइन थांबेल या विचाराने धास्तावतो. अकाउंट्स पैसे सोडतं आणि कागदावरची बचत बिलात दिसणार नाही अशी शंका धरून असतं. मालक किंवा प्लँट हेड हे काम महत्त्वाचं आहे की नाही एवढंच ठरवतात, पण त्यावरच बाकीच्यांचा वेग ठरतो.

माहीत नसेल तर अंदाज करू नका, विचारा. चहाच्या वेळेत ‘तुमच्याकडे एअरचा त्रास कधी जाणवतो?’ एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

शॉप फ्लोअर: त्यांच्या मशीनपासून सुरुवात

शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं उभ्याने बोलायची जागा मिळते. तिथे साडेसात लाखांनी सुरुवात केली तर ‘कंपनीचे वाचतील, आपलं काय?’ हा विचार साहजिक आहे आणि तो चुकीचाही नाही. त्यांना रोज दिसतं ते वेगळं असतं: लाइनच्या शेवटच्या मशीनवर दुपारनंतर प्रेशर पडतं, क्लॅम्प नीट धरत नाही, सिलिंडर रेंगाळतो, सायकल टाइम (एक नग व्हायला लागणारा वेळ) वाढतो. बोलणं तिथून सुरू करा.

‘दादा, शेवटच्या मशीनवर दुपारी गेज किती दाखवतं?’

‘कधी पाच, कधी साडेपाच. सकाळी साडेसहा असतं साहेब.’

‘मधली हवा लाइनवरच निघून जातेय. ही लाल टॅग घ्या. फुस्स आवाज आला की तिथे बांधायची, तारीख आणि मशीन नंबर टाकायचा. दुरुस्ती मेंटेनन्स करेल, टॅग ते स्वतः काढतील. कोणाच्या मशीनवर किती टॅग, याची कोणी मोजणी करणार नाही.’

हे शेवटचं वाक्य सोडू नका. ते न बोलल्यामुळे टॅग खिशात राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि ते बोललात तर पाळा. पहिल्या आठवड्यात कोणी टॅगवरून ऑपरेटरला बोललं, तर पुढे एकही टॅग लागणार नाही.

आकडा द्यायचाच असेल तर एकच, आणि डोळ्यासमोर उभा राहील असा. ७ बारला ३ मिलिमीटरच्या भोकातून जाणारी हवा तयार करायला साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे दीड टनाचे दोन एसी दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं. मग साबणाचं पाणी घेऊन एका जोडावर टाका आणि बुडबुडे दाखवा. दाखवलेलं लक्षात राहतं.

भाषेचा विचार इथे सगळ्यात जास्त करावा लागतो. लाइनवर निम्मे लोक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे असतील तर हिंदीत बोला आणि टॅगवर मराठी-हिंदी दोन्ही छापा. ज्या जागेला ते ‘एफआरएल’ (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) म्हणतात तिला एफआरएलच म्हणा. कॉन्ट्रॅक्टवरची मुलं मागे उभी राहतात आणि प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्यातल्या एकाला पुढे बोलावून त्याच्या हाताने पहिली टॅग बांधून घेतली, तर बाकीचेही हात लावतात.

मेंटेनन्स: आधी एकट्याने भेटा

या माणसाला मीटिंगमध्ये पहिल्यांदा हा विषय ऐकायला मिळाला, तर काम तिथेच अडकलं समजा. ‘३३ टक्के लिकेज’ हे वाक्य चार लोकांसमोर ऐकताना त्याच्या कानावर ‘तुझं काम ३३ टक्के खराब’ असंच पडतं. म्हणून मीटिंगच्या दोन दिवस आधी वर्कशॉपमध्ये जा, आणि सांगायला नव्हे, विचारायला जा.

‘काका, सगळ्यात जास्त हवा कुठे जात असेल असं वाटतं तुम्हाला?’

वीस वर्षं त्या प्लँटमध्ये काढलेला फिटर याचं उत्तर उपकरणाशिवाय देतो. ‘अहो, पोरं पीयू ट्यूब साइड कटरने तिरकी कापतात आणि पुश फिटिंगमध्ये खुपसतात. तोंड सरळ नसलं की ती ओ-रिंगवर बसणार कशी? ट्यूब कटर द्या मला दहा. आणि त्या हवेच्या टाकीचा, रिसीव्हरचा, पाणी सोडणारा ऑटो ड्रेन अडकून उघडाच राहतो, तो बदला आधी.’

ही माहिती तुमच्या पानावर नव्हती. आता ती लिहा, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी ‘मेंटेनन्सने दाखवून दिलेल्या जागा’ असाच उल्लेख करा. हे खरं आहे, म्हणून ते शोभतं.

मेंटेनन्सला टक्केवारीपेक्षा यादी हवी असते. कोणत्या मापाच्या किती फिटिंग, किती मीटर ट्यूब, किती क्विक कपलिंग, माणसं किती, रविवारचे तास किती. स्टोअरमध्ये माल नसताना काम सोपवलं तर तो तुम्हाला पुन्हा गंभीरपणे घेणार नाही.

प्रॉडक्शन: पहिलं वाक्य वेळेचं

प्रॉडक्शन मॅनेजरशी बोलताना पहिलं वाक्य हे: ‘चालू शिफ्टमध्ये एकही मशीन थांबणार नाही. काम रविवारी आणि मॉडेल चेंजओव्हरच्या वेळेत.’ हे ऐकलं की तो खुर्चीत मागे टेकतो आणि उरलेलं ऐकून घेतो. मग लाइनच्या शेवटच्या मशीनवरचं प्रेशर आणि त्यामुळे जाणारा सायकल टाइम सांगा. वीजबिल शेवटी, एका वाक्यात.

एक सावधगिरी. लिकेज बंद झाल्यावर कॉम्प्रेसरचं सेट प्रेशर कमी करता येतं, आणि एक बार कमी केला की वीज सहा-सात टक्के वाचते. मोह होतो की हेही आत्ताच सांगावं. सांगू नका. ज्या माणसाला आज प्रेशर कमी पडतंय त्याच्यासमोर ‘प्रेशर कमी करू’ म्हणालात, तर पहिली कल्पनाही नाकारली जाईल. आधी लिकेज बंद होऊ द्या, गेजवर त्याला स्वतःला फरक दिसू द्या, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी दुसरा विषय काढा.

अकाउंट्स: त्यांच्या शंका तुम्हीच आधी लिहा

इथे बहुतेक तांत्रिक माणसं कमी तयारीनं जातात. साडेसात लाख म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘नऊ रुपये कुठून आले?’ एकूण बिल भागिले एकूण युनिट असा दर काढला असेल तर तो इथे चालणार नाही. त्यात डिमांड चार्जही (कमाल मागणीवरचा आकार) येतो, आणि लिकेज बंद केल्याने तो आपोआप कमी होत नाही. कमाल मागणी खरोखर उतरली तरच होतो. म्हणून बिलातला फक्त युनिटमागे लागणारा भाग घ्या. त्यासाठी आधी अकाउंट्समध्येच जाऊन गेल्या बारा महिन्यांची बिलं मागा आणि दर त्यांच्याकडूनच काढून घ्या. स्वतः दिलेल्या दरावर माणूस शंका घेत नाही.

दुसरा प्रश्न असतो, पैसे कोणत्या खात्यातून. फिटिंग आणि ट्यूब हा दुरुस्ती-देखभालीचा खर्च. त्याला भांडवली खर्चाची मंजुरी लागत नाही. शोधायचं उपकरण विकत घेतलं तर ती मालमत्ता होते. दोन्ही वेगळं दाखवा. उपकरण सुरुवातीला भाड्याने आणता आलं तर अख्खी मंजुरीच सोपी होते.

मेल असा असू द्या:

‘विषय: एअर लिकेज दुरुस्ती – खर्च २ लाख, वर्षाला अपेक्षित बचत ७.५ लाख

रविवारी मोजलेलं लिकेज क्षमतेच्या ३३ टक्के आहे. ते १० टक्क्यांवर आणल्यास वर्षाला साधारण ८४,००० युनिट वाचतील. दर आपण दिलेला, ९ रुपये. कॉम्प्रेसर अनलोड असताना लागणारी वीज वजा करून हा आकडा काढला आहे. डिमांड चार्जमधली बचत धरलेली नाही. खर्च साधारण सव्वातीन महिन्यांत भरून निघतो. २ लाखांपैकी उपकरणाची रक्कम सोबतच्या तक्त्यात वेगळी दाखवली आहे. १५ तारखेपर्यंत मंजुरी मिळाल्यास पुढच्या दोन रविवारी काम होईल.’

ऑफिसचा मेल इंग्रजीत जात असला तरी क्रम हाच ठेवा: रक्कम विषयातच, मग आधार, मग काय धरलं आणि काय सोडलं, शेवटी तारीख. ‘डिमांड चार्ज धरलेला नाही’ हे एक वाक्य तुमच्या सगळ्या आकड्यांची पत वाढवतं.

मालक, प्लँट हेड: महत्त्वाचं पहिल्या वाक्यात

वरच्या माणसासमोर मुद्दा कसा हरवतो याचं एक उदाहरण कोलंबिया यानाचं आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी व्यवस्थापकांसाठी स्लाइड तयार केल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटत होतं, की उपलब्ध चाचण्यांवरून सुरक्षिततेला भरपूर वाव आहे. खरी गोष्ट त्याच स्लाइडवर तळाला बारीक ओळींत होती: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्षातला अंदाजे १,९२० घनइंचांचा. म्हणजे चाचणी या प्रसंगाला लागूच पडत नव्हती. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताची कारणं अनेक होती, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचीही मुद्दाम दखल घेतली. माहिती लिहिलेली होती, पण ठरवणाऱ्यांच्या नजरेत भरेल अशा जागी नव्हती.

तुमची शेवटची स्लाइड काढा आणि पहिली करा. बोलणं तीन वाक्यांत बसायला हवं: ‘साहेब, कॉम्प्रेसरची एक तृतीयांश हवा वाया जातेय, हे रविवारी मोजलं. दोन लाखांत दुरुस्त होईल, वर्षाला साडेसात लाख वाचतील, प्रॉडक्शन थांबणार नाही. मेंटेनन्स आणि अकाउंट्सशी बोलणं झालंय, तुमचा होकार हवा.’ आणि गप्प बसा. पुढचं ते विचारतील.

एक प्रश्न जवळजवळ नक्की येतो: ‘मग आजवर का नाही केलं?’ तुमची खरी कसोटी इथे लागते, कारण समोर मेंटेनन्सचे काका बसलेले असू शकतात. खरं उत्तर बहुतेकदा साधं असतं: ‘लिकेज किती ते आजवर मोजलं नव्हतं, म्हणून किंमत कळत नव्हती.’ तेवढंच द्या.

कौटुंबिक कंपन्यांत थोरले आणि धाकटे साहेब वेगळ्या तऱ्हेने ऐकतात. स्वतः मशीन चालवून धंदा उभा केलेल्या थोरल्यांना केबिनमध्ये स्लाइड दाखवू नका. रविवारी बंद प्लँटमध्ये घेऊन जा. मशीन बंद असताना ती फुसफुस सगळीकडून ऐकू येते, आणि मग फार बोलावं लागत नाही. धाकट्यांना तेच मोबाइलवर एका पानात पाठवा, खाली मूळ तक्ता जोडून.

गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटरला यातलं फार काही लागत नाही. मात्र ती शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांपैकी असेल, तर तिला सेबीच्या नियमानुसार बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल द्यावा लागतो आणि पुरवठादारांकडेही ऊर्जेची विचारणा होऊ लागली आहे. तिथे ८४,००० युनिट आणि युनिटमागे साधारण ०.७ किलो धरून ५९ टन कार्बन डायऑक्साइड, एवढंच सांगा. मोजणीची पद्धत सोबत द्या.

सगळे एकाच खोलीत असतील तेव्हा

पाचही जणांसमोर एकदम मांडायची वेळ येतेच. वेगवेगळ्या गाठीभेटी आधी झाल्या असतील तरच ही मीटिंग घ्या. सुरुवातीचं अर्धं मिनिट ठरवणाऱ्या माणसाचं. त्यानंतर प्रत्येकाचं नाव घेऊन, त्याला काय करायचंय आणि त्याला काय मिळणार, हे एकेका वाक्यात. लोड-अनलोडचं गणित शेवटच्या पानावर राहू द्या. कोणी विचारलं तर उघडा. मेंटेनन्सच्या जागांची यादी मात्र तुम्ही वाचू नका, त्यांना वाचू द्या.

पोचलं की नाही, हे तपासा

‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो साहेब’ याशिवाय उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा, ‘उद्या दुसऱ्या शिफ्टला आवाज आला तर तुम्ही काय करणार?’ उत्तर ऐकून कळतं, काय पोचलं. अकाउंट्सला विचारा, ‘बचत कोणत्या महिन्याच्या बिलात तपासायची?’ मेंटेनन्सला विचारा, ‘माल कधीपर्यंत आला तर हा रविवार धरता येईल?’ उत्तर अडखळलं तर सांगण्यात कमी राहिली आहे. त्याच शब्दांत पुन्हा सांगू नका, दुसऱ्या बाजूने सांगा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांब निरोप टाकणं टाळा. दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या गेजचा फोटो आणि एक ओळ पुरे. मंजुरी, रक्कम, तारीख या गोष्टी मेलवरच राहू द्या, कारण सहा महिन्यांनी ग्रुपमध्ये काही सापडत नाही.

तीन महिन्यांनी प्रत्येकाला त्याच्या मापात परत सांगा. फ्लोअरच्या बोर्डवर शेवटच्या मशीनचं दुपारचं प्रेशर लिहा. प्रॉडक्शनला सायकल टाइम दाखवा. अकाउंट्सला नुसतं बिल दाखवू नका, कारण उत्पादन वाढलं तर बिलही वाढतं. एका नगामागे किती युनिट लागली ते दाखवा. रविवारची मोजणी पुन्हा करा. वर्षाच्या हिशोबाने साडेसातऐवजी पाच लाखच येत असतील तर पाच लिहा, कमी का आले ते एका वाक्यात लिहा, आणि हाच आकडा पाचही जणांपर्यंत जाऊ द्या.